लेकीच्या वर्गात

आमच्या मंडळीत दृढीकरणाच्या वर्गाला बसणारी मुलं चौदा-पंधरा वर्षांची असतात. मी बसलो तेव्हा चाळिशी ओलांडलेली होती आणि शेजारच्या खुर्चीवर माझीच मुलगी होती, नववीतली.

ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियातली. इथे तान्ह्या बाळाचा बाप्तिस्मा होतो, म्हणजे डोक्यावर पाणी घालून त्याला ख्रिस्ती म्हणून पदरात घेतात. बाळाला काय कळणार, म्हणून आईबाप आणि मंडळी त्याच्या वतीनं कबुली देतात. पोर जाणतं झालं की तीच कबुली त्यानं स्वतःच्या तोंडानं, सगळ्यांच्या देखत द्यायची. मग बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतात. याला दृढीकरण म्हणतात. आमच्याकडे त्यानंतरच प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीतली भाकर आणि प्याला घ्यायला, पुढे जायचं, अशी रीत.

माझं ते राहून गेलं होतं. त्या वयात गाव सोडून नगरला आयटीआयला आलो, मग दुसऱ्याच्या दुकानात विजेच्या मोटारी भरायला, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळायला शिकलो, मग स्वतःचं रिवाइंडिंगचं दुकान टाकलं. (शहराचं नाव आता अहिल्यानगर आहे, पण आमच्या तोंडी नगरच बसलंय.) लग्न चर्चमध्ये झालं, पोरांचे बाप्तिस्मे झाले, दर नाताळला घरावर तारा लागला, ईस्टरला पहाटे कबरस्तानातल्या उपासनेला गेलो. बाहेरून बघणाऱ्याला मी अगदी पक्का ख्रिस्ती. फक्त प्रभुभोजनाच्या रविवारी बायको डोक्यावर पदर घेऊन पुढे जायची आणि मी बाकावर बसून गीतांच्या पुस्तकाची पानं उलटत राहायचो. इतक्या वर्षांत कोणी विचारलं नाही. मुलीचा फॉर्म आला तेव्हा त्यात एक ओळ होती: आईवडील प्रभुभोजन घेणारे सभासद आहेत काय? आईपुढे तिनं 'होय' लिहिलं, माझ्यापुढे 'नाही' लिहिलं आणि पुढच्या ओळीवर गेली. तिला त्यात काही विशेष वाटलंच नाही. मला वाटलं.

फॉर्म द्यायला गेलो तर पाळकसाहेब, म्हणजे आमच्या मंडळीचे धर्मगुरू, म्हणाले, "एक जादा फॉर्म आहे माझ्याकडं. नेता का?"

हो म्हणालो, पण लाजेपोटी. 'मला प्रभूनं हाक मारली' वगैरे साक्ष देणारी माणसं असतात आणि मी त्यांच्यावर अविश्वास दाखवत नाही. मला तसं काही झालं नाही. माझ्या बाबतीत सगळं एका छापील फॉर्मापासून सुरू झालं.

मी पाचव्या पिढीतला ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशननं १८३१ साली नगरला ठाणं मांडलं. १८७६-७८ च्या मोठ्या दुष्काळानंतर जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली, महार-मांग वस्त्यांतली कितीतरी घरं मिशनकडे वळली, त्यातलं एक आमचं. आजही कोणी चिडलं की 'दुष्काळातले ख्रिस्ती' असा टोमणा मारतं. मला त्याचं फारसं लागत नाही. उपाशी माणसाला ज्यानं भाकर दिली त्याच्या देवाबद्दल त्याला कुतूहल वाटलं, तर त्यात लाजायचं काय? शिवाय भाकरीबरोबर पाटीही हातात दिली होती, हे टोमणा मारणारे सोयीनं विसरतात. अडचण तिथे नाहीच. अडचण ही की पाचव्या पिढीला सगळं आयतं मिळतं. पहिल्यानं गावाचा रोष पत्करला, विहीर तोडून घेतली, सोयरीक तोडून घेतली. माझ्या वाट्याला केक आणि करंज्या आल्या.

पहिल्याच शनिवारी पाळकसाहेबांनी पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगितली. रमाबाई नगरच्या माणसाला नवीन नाहीत, पण हा भाग मी ऐकला नव्हता. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं की आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण खुद्द ख्रिस्त सापडलेला नाही. भागवत मुखोद्गत असलेली, कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' पदवी दिलेली बाई हे लिहिते! तेव्हा विधवांसाठी शारदा सदन उघडून झालेलं होतं, देशात-परदेशात नाव झालेलं होतं. म्हणजे कामात काही कमी नव्हतं. पुढे त्यांनी केडगावला मुक्ती मिशन उभारलं (नगरला खेटून असलेलं केडगाव नव्हे, दौंडजवळचं) आणि मूळ हिब्रू-ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, ते सगळं या जाणिवेनंतरचं.

वर्गातल्या पोरांना ही गोष्ट कितपत भिडली कोण जाणे. ती मोबाईलवर घड्याळ बघत होती. मी मात्र घरी येताना गाडी दोनदा चुकीच्या गल्लीत घातली.

वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत, संध्याकाळी. प्रभूची प्रार्थना, दहा आज्ञा, विश्वासांगीकार (आम्ही काय मानतो त्याची ठरलेली कबुली), संस्कार. पाठांतरात मुलं माझ्या कितीतरी पुढे. विश्वासांगीकार मी लहानपणापासून मंडळीबरोबर म्हणत आलोय, पण घोळक्यात म्हणणं वेगळं आणि एकट्यानं उभं राहून म्हणणं वेगळं. येशूला क्रुसावर द्यायला लावणारा रोमी सुभेदार पंतय पिलात, त्याच्या नावाच्या आसपास माझी गाडी हमखास घसरायची. लेक खालच्या आवाजात म्हणायची, "पप्पा, 'मेला' झालं, आता 'पुरला गेला'. मधलं खाऊ नका." पोरं खुदखुदायची. पाळकसाहेबही.

पण पाठांतर हा वर्गाचा खरा भाग नव्हताच. दर वेळी सुटताना ते एक काम द्यायचे. घरी जाऊन एका कागदावर लिहायचं: प्रभूला मी काय देणार नाही? कोणाला दाखवायचं नाही, पाळकांनाही नाही. मुलांनी काय लिहिलं असेल ते देव जाणे. मी दुकानातल्या उधारीच्या वहीचं मागचं पान घेतलं.

सोबत लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलातलं येशूचं एक चरित्र, वाचायचं होतं. मी ते दुकानात वाचलं. मोटार भरून झाली, व्हार्निश पाजलं, भट्टीत ठेवली की मधला वेळ मोकळा असतो. एरवी त्या वेळात क्रिकेट. लूकातला येशू मला सुरुवातीला आवडला नाही, खरं सांगतो. गोष्टी सांगतो तोवर ठीक, पण कोणी 'येतो तुझ्या मागे, आधी घरच्यांचा निरोप घेऊन येतो' म्हटलं की हा त्याला सवलत देत नाही. सप्टेंबरनंतर देतो, हप्त्यानं देतो, हे चालतच नाही त्याच्याकडे. पण चौदाव्या अध्यायात तोच म्हणतो की बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब कर, नाहीतर पाया घालून काम अडकेल आणि लोक हसतील. हे मला पटलं. मी रोज एस्टिमेट देणारा माणूस. गिऱ्हाइकाला आधी आकडा सांगणारा कारागीर सहसा फसवत नाही.

धंद्यातलंच उदाहरण द्यायचं तर, जळालेली मोटार खोलली की अख्खं वाइंडिंग वाईट निघत नाही. एखाद्या वेढ्याचं इनॅमल निघालेलं असतं, तो शेजारच्याला चिकटतो आणि त्यावरून सगळी कॉइल काळी पडते. वहीच्या मागच्या पानावर मी लिहिलेल्या ओळी त्याच जातीच्या होत्या. बाकी सगळं देवा तुझं, तेवढे हे वेढे सोडून.

पहिली ओळ रविवारची.

आमच्या धंद्याचा हंगाम उन्हाळा. फेब्रुवारीपासून विहिरींचं पाणी खाली जातं, व्होल्टेज कमी-जास्त होतं, मोटारी जळायला लागतात. नेमका तोच उपवासकाळ, ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. रविवारी दुकान बंद असा बोर्ड मी लावला, आणि त्याच रविवारी उपासनेत फोन थरथरत राहिला. बाहेर येऊन बघितलं तर श्रीगोंद्याकडचा जुना गिऱ्हाईक चर्चच्या फाटकापाशी पिकअप लावून उभा. मागे सबमर्सिबल. "मालक, कांदा लई अवघड झालाय हो. आज पाणी नाय भेटलं तर उद्या काय उपेग?"

आता काय करायचं? पाठवून दिलं तर त्याचा कांदा जातो, काम केलं तर मी काल लावलेला बोर्ड कशासाठी? काम केलं. शनिवारी वर्गात ओशाळून पाळकसाहेबांना सांगितलं. ते मोठ्यानं हसले. म्हणाले, "विहिरीत पडलेला बैल शब्बाथ, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी काढायला प्रभूनं हरकत घेतली नाही. मग विहिरीतली मोटार काढायला कशाला घेईल? फक्त एवढं बघा, दर रविवारी तुमच्याच विहिरीत बैल कसा पडतो."

यावर तोडगा निघाला तो अध्यात्मिक नव्हता. भंगारातून आणलेल्या दोन मोटारी भरून तयार ठेवल्या. शनिवारी संध्याकाळी कोणाची अडली तर ती तात्पुरती न्यायची, सोमवारी बदलायची. माझा कारागीर खंडोबाचा भक्त, त्यानंच ही युक्ती सुचवली. त्यालाही रविवारची सुट्टी हवीच होती.

दशमांशावर फार लिहीत नाही. मंडळीला द्यायचा दहावा भाग गल्ल्याचा की नफ्याचा, यावर वर्गात चांगला वाद रंगला. मुलांना मजा आली, कारण द्यायचा त्यांना नव्हता. माझ्या घरी बायकोनं तो एका वाक्यात मिटवला, "आधी हिशेबाची वही माझ्याकडं द्या." महिनाअखेर पाकीट तीच भरते. आकडा मला सांगत नाही.

दुसरी ओळ चुलतभावाची. गावाकडचा सामाईक बांध, त्यावरून आमच्या वडलांच्या पिढीपासूनचं वाकडं. तहसीलला अर्ज, त्याला उलट अर्ज. मत्तयाच्या शुभवर्तमानात लिहिलंय की वेदीपाशी दान घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. लक्षात घ्या, तुझ्या मनात भावाविषयी काही असेल तर, असं नाही म्हटलेलं. त्याच्या मनात असेल तर. म्हणजे 'माझ्या बाजूनं काही नाही' हे नेहमीचं उत्तरही बाद.

गावी गेलो. दादा ओट्यावर बसला होता. मी माझा अर्ज मागे घेतल्याची पोच त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून वाचली. "वकिलानं सांगितलं का असं करायला?"

"नाही दादा. चर्चचं आहे."

"म्हणजे आता मीपण मागं घ्यायचा?"

"तुझं तू बघ."

चहा आला. चहा प्यायलो. तो उठताना म्हणाला, "मोजणी आणू आपण. जे निघेल ते निघेल." मिठ्या मारणं, रडणं वगैरे काही झालं नाही. त्याला आजही वाटतं की यात माझा काहीतरी डाव आहे. मोजणीचे पैसे अर्धे-अर्धे भरलेत, तारीख यायचीय.

याच दिवसांत मेहुणीनं मला घेरलं. ती एका प्रार्थना-संगतीत जाते, तिथे हात उंचावून गातात, आजाऱ्यांसाठी रात्ररात्र प्रार्थना करतात. माणसं प्रेमळ आहेत, माझ्या आईच्या आजारपणात डबे त्यांनीच आणले होते. मेहुणी म्हणाली, "भाऊजी, दृढीकरण-बिढीकरण राहू द्या. तान्हेपणी डोक्यावर टाकलेलं पाणी वचनात बसत नाही. नदीवर या, पाण्यात बुडून बाप्तिस्मा घ्या, बघा काय होतं ते." मोह झाला मला. पाण्याखाली जायचं आणि वर यायचं, जुना माणूस गेला, नवा आला. तारीख सांगता येते, फोटो निघतो. माझ्याकडे दाखवायला काय, तर शनिवारचा वर्ग आणि भूमापनाची पावती!

पाळकसाहेबांनी तिची टर उडवली नाही, हे मला आवडलं. त्यांनी आमच्या चर्चचाच इतिहास सांगितला. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळी चर्चं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकन होते, मिशनवाले काँग्रिगेशनल होते, आणि जाणत्या वयात बुडूनच बाप्तिस्मा घ्यायचा असं मानणारे बॅप्टिस्टही होते. तेव्हा ठरलं ते असं की दोन्ही वाटा खुल्या. बाळाचा बाप्तिस्मा करून पुढे दृढीकरण, किंवा बाळाचं फक्त समर्पण आणि मोठेपणी बाप्तिस्मा. पण एकदा झाला की पुन्हा नाही. 'एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा.' मला यात शहाणपण दिसतं. माझ्या आजीनं मला उचलून नेलं, पाळकांनी पाणी घातलं, त्यात माझं कर्तृत्व शून्य. ते पुसून स्वतःच्या कर्तृत्वाचा बाप्तिस्मा घ्यायचा, हे मला जड गेलं. मेहुणी अजून प्रार्थना करते माझ्यासाठी. करू दे.

तिसरी ओळ लिहायला मला सगळ्यात उशीर लागला आणि ती लिहिल्यावरही मी पान दुमडून ठेवलं.

नगर-सोलापूर-जालना पट्ट्यात हे सगळ्यांना माहीत असतं, फक्त कोणी मोठ्यानं बोलत नाही. आमच्यातल्या कित्येक घरांचे धर्म दोन. चर्चच्या रजिस्टरात ख्रिस्ती, शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार किंवा हिंदू मांग. कारण कायद्यात आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. म्हणजे शेजारच्या घरातल्या, एकाच वस्तीतल्या, एकाच आडनावाच्या दोन भावांपैकी एक चर्चमध्ये गेला की त्याची जात सरकारदरबारी संपली. गावानं मात्र ती कधी संपवली नाही. माझ्या मते हा अन्याय आहे, आणि दृढीकरण झालं म्हणून हे मत बदललेलं नाही.

माझ्या आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरात मास्तरांनी 'हिंदू महार' लिहिलंय. वस्ती बघून लिहिलं असणार, कारण त्याच आजोबांच्या बाप्तिस्म्याची नोंद गावच्या मंडळीच्या जुन्या वहीत आहे. अनुसूचित जातीचा दाखला काढायचा तर १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा लागतो, आणि आमच्याकडे तो आहे. नात्यातले एक काका या कामातले जाणकार. ते म्हणाले, "सोन्यासारखा कागद आहे तुझ्याकडं. पोरगी दहावीला जाईल, आत्ताच काढून ठेव. पुढं फार्मसीला नाहीतर इंजिनिअरिंगला फी बघितलीस का?" बघितली होती. सेतू केंद्रातून फॉर्मही आणला होता. त्याला जोडायच्या प्रतिज्ञापत्रात धर्माचा रकाना होता आणि खाली सही माझी.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईच्या प्रकरणात म्हटलं होतं की श्रद्धा एका धर्मावर आणि आरक्षणापुरता दुसरा, हे चालणार नाही. काकांनी ती बातमी वाचली होती. "पकडलं तर ना," एवढंच ते म्हणाले. पण मला पकडण्याची भीती नव्हती, असल्या सह्या करून नोकरीतून निवृत्त झालेली माणसं मी बघितलीत. मी नेमका त्याच आठवड्यात लूकाच्या बाविसाव्या अध्यायात पोचलो होतो. येशूला पकडून नेलंय, वाड्यात शेकोटी पेटलीय, त्याचा शिष्य पेत्र शेकत बसलाय, आणि एक दासी त्याच्याकडे निरखून म्हणते, हाही त्याच्याबरोबर होता. पेत्र म्हणतो, बाई, मी त्याला ओळखत नाही. कोणी तलवार उगारलेली नाही. सुभेदार विचारत नाहीय. एक मोलकरीण विचारतेय, थंडीची रात्र आहे, आणि ऊब सोडवत नाही. त्या प्रतिज्ञापत्रात मलाही कोणी तलवार दाखवत नव्हतं.

रात्री बायकोला सांगितलं. ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "मुलीचं आहे, तिला विचारा."

विचारलं. अपेक्षा अशी की नववीतली पोरगी काहीतरी मोठं, साक्षीत सांगण्यासारखं बोलेल. ती म्हणाली, "माझ्या दाखल्यावर ख्रिश्चनच आहे ना? मग आता बदलायचं म्हणजे किती चकरा!" आणि गृहपाठाला गेली. लेकीच्या डोक्यात हा विषय तेवढाच.

फॉर्म परत केला. ज्यांनी सही केलीय त्यांना मी खाली बघायला लावणार नाही. त्यांच्यातल्या कोणाच्या घरात खाणारी तोंडं किती होती, कोणाचा बाप ऊसतोडीला जात होता, हे मला ठाऊक आहे. माझं दुकान बऱ्यापैकी चालतं. ज्याच्याकडे पर्याय आहे त्यानं भरलेली किंमत फार मोठी नसते. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना ओबीसीत धरतात, ती वाट आहे. तिला पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा लागतो आणि त्यासाठी आजोबांच्या बाप्तिस्म्याचा उतारा पाळकांच्या सही-शिक्क्यानं काढलाय. शाई इतकी उडालीय की सालातला एक आकडा भिंगानं वाचावा लागला. खिडकीवरचा माणूस म्हणाला, शाळेचं आणि चर्चचं जुळत नाही, साहेब बघतील. साहेब बघताहेत.

लक्ष्मीबाई टिळकांची आठवण या काळात बरेचदा आली. त्यांचे पती कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. लक्ष्मीबाई आपल्या माहेरच्या सोवळ्यासकट अडून राहिल्या आणि त्यांचा बाप्तिस्मा झाला तो १९०० साली. त्यांनी आधी जात टाकली, शिवाशिव टाकली, सगळ्यांच्या हातचं पाणी घेतलं आणि मग बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे डोळे मिटून गेल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. पण त्यांनी सगळं एकेक करून सोडलं. मला त्यांचा हा उशीर टिळकांच्या धडाडीपेक्षा जवळचा वाटतो.

दृढीकरण पेंटेकॉस्टच्या, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी झालं. ऊन मी म्हणत होतं, दोन पंखे बंद. मुली पांढऱ्या पोशाखात, मुलगे पांढऱ्या शर्टात, आणि त्यांच्या रांगेत पोट सुटलेला एक बाप. पेटी-तबल्यावर टिळकांचं भजन झालं. बिशपसाहेबांनी आधी सगळ्यांना मिळून विचारलं: बाप्तिस्म्याच्या वेळी तुमच्या वतीनं दिलेली वचनं तुम्ही स्वतः स्वीकारता का? सैतान आणि त्याची कामं नाकारता का? येशूला प्रभू आणि तारणारा म्हणून मानता का? उत्तरं छापील आहेत, कागद हातात होता. 'होय' म्हणताना मला बांध, रविवारचा बोर्ड आणि सेतूचा फॉर्म दिसत होता. सैतान म्हटल्यावर लहानपणी चित्रातला शिंगवाला डोळ्यांपुढे यायचा. या वेळी तो आला नाही.

मग एकेकानं गुडघे टेकायचे. माझ्या आधी लेक. बिशपसाहेबांनी तिच्या केसांवर हात ठेवला, तिचं नाव घेतलं, प्रभू या लेकराला सांभाळ अशी प्रार्थना केली. मग मी. हात अपेक्षेपेक्षा जड लागला. प्रार्थना तीच, 'लेकरा'च्या जागी 'सेवक'. अंगावर काटा, डोळ्यांत पाणी, काही नाही. गुडघा दुखत होता, कारण आदल्या दिवशी पस्तीस हॉर्सपॉवरची मोटार एकट्यानं सरकवली होती.

प्रभुभोजनाला मात्र मी हललो. भाकरीचा तुकडा तळहातावर पडला, एवढासा. प्याला आला. पाळकसाहेब प्रत्येकाला तेच शब्द म्हणतात, 'तुझ्यासाठी'. इतकी वर्षं बाकावरून ते शब्द मी शंभर लोकांसाठी ऐकले होते. शेजारी बायको होती, तिच्या पलीकडे लेक. बायकोनं माझ्याकडे बघितलं नाही, पण तिचा खांदा मला लागला आणि तो तिनं काढून घेतला नाही.

त्यानंतर काय? पहिले काही आठवडे प्रार्थना छान व्हायची. मग सोमवार ते शनिवार पुन्हा तांब्याचा भाव, उधारी, लाइट. लूक संपवून प्रेषितांची कृत्यं सुरू केलीत, भट्टीच्या वेळातच. काही दिवस एक ओळही आत जात नाही. पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणाले, "भुकेशिवायही जेवता ना? वाचा." उधारीच्या वहीचं मागचं पान अजून आहे आणि त्यावर नवी ओळ आलीय. ती इथे लिहीत नाही.

आता मी मंडळीचा पूर्ण सभासद. म्हणजे वार्षिक सभेत मत देता येतं, आणि कमिटीची पहिली नजर माझ्यावर पडली. पुढच्याच रविवारी सेक्रेटरींनी गाठलं. चर्चचे बंद पडलेले दोन पंखे आणि पाण्याची मोटार, तिन्ही भरायचे. "आता तुम्ही आपलेच," म्हणाले, "बिल काय लावणार?" मजुरी सोडली, तांब्याचे पैसे घेतले. बायको म्हणते तेही घ्यायला नको होते. तिच्याकडे हिशेबाची वही आहे, तिला बोलायला काय जातं.